फियाटच्या टपाला दर पावसाळ्यात फुटणारा गंज : पत्रा कापण्याआधी पन्हळ तपासा

दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या सीटच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढा ओला डाग पडायचा. ऑगस्टमध्ये, आमच्या नाशिकला गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागेपर्यंत, तो ताटाएवढा व्हायचा. दिवाळीनंतर गाडी मिस्त्रीकडे. टप घासायचा, लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरायची, प्रायमर मारायचा, रंग द्यायचा. फेब्रुवारीत टपात तोंड दिसायचं. पुढच्या जुलैत पुन्हा तोच कोपरा, तोच डाग, आणि टपावर रंगाखाली साबुदाण्यासारखे फुगे.

आमच्या १९८७ सालच्या प्रीमियर पद्मिनीने हा फेरा चार वर्षं चालवला. घरात तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही. वडिलांनी आणली तेव्हापासून ती फियाटच. पाचव्या वर्षी टपाचा अख्खा पत्रा बदलावा लागला. तो कसा बदलला ते पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण पहिल्या वर्षीच कोणी सांगायला हवी होती अशी गोष्ट आधी सांगतो: टपावर दिसणारा गंज बहुतेक वेळा पन्हळीतून आलेला असतो. दारांच्या वर, टपाच्या कडेने पाणी वाहून नेणारी जी बारीक पट्टी असते, ती पन्हळ. तिचा सांधा उघडा ठेवून टपावर कितीही काम केलं, अगदी नवा पत्रा बसवला, तरी तीन-चार पावसाळ्यांत आपण पुन्हा तिथेच येतो.

पन्हळ असलेल्या सगळ्याच जुन्या गाड्यांना हे लागू आहे. ॲम्बॅसॅडरवाल्यांनीही वाचावं. स्टँडर्ड हेराल्डचा टप मात्र बोल्टने बसवलेला असतो, त्याची गोष्ट वेगळी.

पाणी शिरतं कुठून

फियाटला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. टप, खांब, फरशी, सगळं एकमेकांना जोडून एकच पेटी झालेली आहे. टपाचा पत्रा दोन्ही बाजूंना खाली वळतो, तिथे त्याची कड, आतल्या पट्टीची कड आणि पन्हळीचा पत्रा एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या ठिपक्यांनी, जोडलेले असतात. दोन स्पॉटच्या मधली फट वेल्डिंगने बंद होत नाही. ती बंद करतो कारखान्यात भरलेला सीलर. तीस-पस्तीस उन्हाळे खाल्ले की हा सीलर सुकलेल्या लोण्याच्या बेरीसारखा कडक होतो, आक्रसतो आणि कडेने सुटतो. दोन पत्र्यांमधली केसाएवढी फट मग पाणी आत ओढून घेते. त्याला वरून जोराचा पाऊसही लागत नाही. पन्हळीत कडुलिंबाची पानं आणि धूळ साठून चिखल झाला असेल तर पाऊस थांबल्यावरही चार दिवस तो सांधा ओलाच.

दुसरं कारण कॅरियर. फियाटच्या टपावरचे कॅरियर पन्हळीलाच चिमट्याने आवळलेले असायचे. वडिलांनी आमच्या गाडीवर दहा-बारा वर्षं कॅरियर ठेवला होता, त्यावरून द्राक्षांच्या पेट्याही नेल्या. जिथे चिमटा बसतो तिथला रंग पहिल्या महिन्यातच खरवडतो आणि वजनाने पन्हळ किंचित वाकली की सीलर तडकतो. तुमच्या गाडीवर कधी काळी कॅरियर होता का, हे मागच्या मालकाला जरूर विचारा. नसेल आठवत तर पन्हळीवर सारख्या अंतराने चार किंवा सहा दबलेल्या खुणा दिसतात का बघा.

तिसरं कारण पुढच्या आणि मागच्या काचेचं रबर. ते कडक झालं की काचेच्या वरच्या कडेतून पाणी आत येतं आणि टपाच्या पुढच्या आडव्या पट्टीत साठतं. वरून काही दिसत नाही, पट्टी आतून पापडासारखी होत राहते.

आधी पाण्याची वाट शोधा

जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे ठाऊक असतं: घरात जिथे टपकतं त्याच्या बरोबर वरचं कौल फुटलेलं नसतं. पाणी वाशावरून चार हात चालून मग खाली उतरतं. गाडीतही तसंच. आमचा डाग मागच्या डाव्या कोपऱ्यात पडायचा म्हणून तीन वेळा मागचा भाग दुरुस्त झाला. पाणी शिरत होतं पुढच्या डाव्या दाराच्या वर, कॅरियरच्या पहिल्या चिमट्याजवळ, म्हणजे डागापासून चांगलं चार फूट पुढे. तिथून आतल्या पट्टीच्या खोबणीतून ते मागे जायचं आणि खोबण संपली की गळायचं.

वाट शोधायला दोन माणसं, एक पाण्याची नळी आणि एक टॉर्च पुरते. मागची सीट काढा. आतलं रेग्झिनचं छत कडेने सोडवून खाली घ्या. ते कमानीसारख्या तारांवर टांगलेलं असतं, तारा काढताना कोणती पुढची, कोणती मागची हे चिकटपट्टीवर लिहून ठेवा, कारण प्रत्येकीचा बाक निराळा असतो. आतला पत्रा पुसून कोरडा करा आणि त्यावर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर फासा. आता एक जण आत टॉर्च घेऊन बसेल, दुसरा बाहेरून नळी धरेल. नळीला फवारा लावू नका, पाणी अगदी बारीक धारेने सोडा.

सुरुवात खालून करा. आधी मागच्या काचेची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग पन्हळ मागून पुढे वीतभर, वीतभर सरकत. प्रत्येक जागी पाच-सात मिनिटं. बहुतेक जण थेट टपावर पाणी ओततात. मग ते सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही. पावडरीवर ओलाव्याची पहिली रेघ ज्या क्षणी उमटते, त्या क्षणी नळी जिथे आहे ती जागा खडूने खुणवा. आम्हाला या कामाला एका रविवारची दुपार लागली. चार वर्षांत ही एक दुपार कोणी दिली नव्हती.

एक सावधगिरी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट चांगलीच गारठते, त्या वेळी टपाच्या आतल्या बाजूने दव धरतं. त्यात गाडीवर हवा न खेळणारं प्लास्टिकचं कव्हर असेल तर सकाळी रेग्झिनला हात लावला की ओल लागते. ती गळती नव्हे. पण टपाच्या आत तागाचा किंवा नमद्याचा थर चिकटवलेला असेल तर तो ही ओल आठवडाभर धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. असा गंज कडेला नसून टपाच्या मधोमध येतो. त्यावरून तो ओळखा.

पाण्याची वाट कळली की पत्र्याची तब्येत पाहा. फ्रिजवर लावतात तसा चपटा लोहचुंबक पातळ रुमालात गुंडाळून टपावर सगळीकडे फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी आहे. बोटाच्या पेराने ठोकत जा, पत्रा खणखणतो, लांबी बद्द वाजते. शेवटी पन्हळीत आणि पुढच्या काचेच्या वरच्या कडेला टोकदार सुईने दाबून बघा. रंग फुगलेला नसला तरी बघाच. आमच्या डाव्या पन्हळीत सुई सहा ठिकाणी आरपार गेली.

आमच्या तीन दुरुस्त्या का टिकल्या नाहीत

पहिल्या वर्षी फुगे घासून थेट लांबी भरली. लांबी पाणी अडवत नाही, शोषते. गंजलेल्या पत्र्यावर ती भरणं म्हणजे जखमेवर ओला कापूस बांधून ठेवण्यासारखं. वरचा रंग शाबूत असेपर्यंत सगळं छान दिसतं, पण आमच्या बाबतीत पाणी आतल्या बाजूनेच येत होतं, म्हणजे रंगाचा काहीच उपयोग नव्हता.

दुसऱ्या वर्षी भोकं मोठी झाली तेव्हा एका गॅरेजने पत्र्याचा तुकडा वर ठेवून पितळी वेल्डिंग केलं. पितळी जोड मजबूत असतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण दोन चुका झाल्या. तुकडा जुन्या पत्र्यावर चढवून लावला, त्यामुळे दोघांच्या मध्ये पाणी बसायला नवी फट तयार झाली. आणि वेल्डिंगनंतर उरलेला सुहाग्याचा काचेसारखा थर नीट धुऊन, खरवडून काढला नाही. त्या थरावर रंग कधीच धरत नाही. पुढच्या पावसाळ्यात तुकड्याच्या चारी बाजूंनी फुग्यांची चौकट उमटली.

तिसऱ्या वर्षी पन्हळीत बाथरूमला लावतात तो पांढरा सिलिकॉन भरला. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतो आणि ते उघड्या लोखंडाला खातं. शिवाय त्याच्यावर रंग बसत नाही, आणि काढून टाकला तरी त्याचा तेलकटपणा मागे राहून पुढचा रंग फाटतो. तो सिलिकॉन पन्हळीतून पूर्ण काढायला नंतर आम्हाला दोन दिवस लागले. गाडीच्या पत्र्यावर तो कोणीही लावू नये.

तुकडा की अख्खा पत्रा

पन्हळ दोन्ही बाजूंनी धड असेल आणि गंज तळहाताएवढ्या जागेत असेल तर अख्खा टप बदलायचं मनातही आणू नका. सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापा, त्याच मापाचा वीस गेज जाडीच्या पत्र्याचा तुकडा कडेला कड लावून बसवा. चढवून नाही. टपावर फांदी पडून खड्डा पडला असेल, पण पत्र्याला घडी पडली नसेल, तर आतलं छत काढून चांगला डेंटर तो मठारून जवळजवळ पूर्ववत करतो.

अख्खा पत्रा बदलायची वेळ कधी येते? पन्हळीचा सांधा अनेक ठिकाणी आरपार गेलेला असतो, पुढच्या काचेवरची पट्टी पापुद्रे सुटून दुमडते, किंवा टपावर जुन्या दुरुस्त्यांचे इतके तुकडे असतात की मूळ गोलाई कुठे होती तेच कळत नाही. आमच्याकडे तिन्ही होतं.

नवा पत्रा आणून टप वळवून घेऊ, असं काही जण सुचवतात. टपाला लांबीतही बाक आहे आणि रुंदीतही. असा दुहेरी बाक साध्या गॅरेजमध्ये एवढ्या मोठ्या पत्र्याला सारखा येत नाही, टप लाटांसारखा दिसतो आणि मग तो लपवायला पुन्हा लांबी. दुसऱ्या फियाटचा चांगला टप शोधणं हाच सोपा आणि स्वस्त मार्ग.

टप कुठून आणायचा

मुंबईच्या शेवटच्या नोंदणीकृत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यामुळे कुर्ल्याला टॅक्सीचे पिवळे टप ढिगाने मिळतील या आशेने मी दोनदा जाऊन आलो. टप होते, पण समुद्रकाठची खारी हवा आणि वर्षानुवर्षांचा कॅरियर. एकाचीही पन्हळ सुईच्या परीक्षेला उतरली नाही. आम्हाला हवा तसा टप मालेगावच्या बाजूला, भंगारात निघालेल्या एका घरगुती गाडीवर मिळाला. इंजिन आणि फरशी गेलेली, पण टपावर कधी कॅरियर चढलेलाच नव्हता. कोरड्या भागातली गाडी शोधा, हा माझा अनुभवाचा सल्ला.

टप कापून घेताना घाई करू नका. भंगारवाले कटर लावून पन्हळीच्या वरून सरळ कापून देतात, असा टप निरुपयोगी. खांब टपापासून अर्धा फूट खाली कापा, काचांच्या चौकटीच्या वरच्या पट्ट्या, पन्हळ, सगळं त्याच्यासोबत येऊ द्या. स्पॉट सोडवायचं काम घरी, सावकाश. आम्ही जुन्या गादीवर आडवा ठेवून टेम्पोतून आणला. दोरीने आवळला नाही, कारण मोकळा टप दोरीच्या ताणानेही पिळतो. पावती अवश्य घ्या.

कापण्याआधी गाडी बांधून घ्या

या भागावर मी सगळ्यात जास्त भर देईन. टप ही या पेटीची वरची बाजू आहे. ती काढली की खांब बाहेर किंवा आत झुकतात, दोन-तीन मिलिमीटरच, डोळ्याला कळतही नाही. कळतं ते नवा टप वेल्ड झाल्यावर, जेव्हा दार लागत नाही आणि पुढची काच चौकटीत बसत नाही. तेव्हा काही करता येत नाही.

आमचे मिस्त्री सत्तरीचे आहेत, फियाटवर हात बसलेला. त्यांनी गाडी बघितली आणि पहिलं वाक्य बोलले, "दादा, आठ दिवस कटरला हात लावणार नाही. चालेल का?" मी म्हटलं, "मिस्त्री, चार वर्षं थांबलोय, आठ दिवसांचं काय." ते आठ दिवस सगळ्यात मोलाचे ठरले.

गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांवर उभी. एका बाजूला जॅक लावून हे काम करायचं नाही. बॅटरी काढली. पेट्रोलची टाकी रिकामी करून उतरवली, कारण ठिणग्या कुठे जातात यावर कोणाचा ताबा नसतो. सीटा, आतलं छत, दोन्ही काचा, दारांच्या चौकटीचं बीडिंग, सनशेड, छताच्या दिव्याची वायर, सगळं बाहेर. काचेची जुनी रबरं फेकू नका, नवी आणताना त्यांचाच छेद नमुना म्हणून दाखवावा लागतो.

मग मापं. पुढच्या काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, मागच्या काचेचे दोन्ही कर्ण, चारही दारांच्या चौकटींचे कर्ण, डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंतचं अंतर तीन ठिकाणी. प्रत्येक माप जिथून घेतलं तिथे सेंटर पंचने बारीक टिंब आणि मार्करने आकडा. मी तो कागद गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला होता.

त्यानंतर इंची चौकोनी पाइपची चौकट आत उभी केली. पुढच्या खांबापासून मधल्या, मधल्यापासून मागच्या खांबाला, डावीकडून उजवीकडे दोन आडवे आणि एक तिरका. पाइप नंतर झाकल्या जाणाऱ्या जागी टाचून वेल्ड केले, दारं उघडझाप करता येतील असे. दारं बिजागऱ्यांवरच ठेवली; दाराची फट हीच आपली सगळ्यात खरी मोजपट्टी.

कापणं

आधी टपाच्या मधला भाग कडेपासून इंचभर आत कापून उचलून घेतला. मग कडेला फक्त एक पट्टी उरते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी हात पोचतो. रंग खरवडला की स्पॉटच्या गोल खळ्या दिसतात. प्रत्येकीच्या मध्यावर पंच, मग आठ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने फक्त वरचा पत्रा सोडवायचा. खालचा भोसकायचा नाही. पातळ छिन्नीने पट्टी उचलून येते. राहिलेले डाग फ्लॅप डिस्कने सपाट.

मागच्या खांबाजवळ, जिथे टप आणि बाजूचा पत्रा एकमेकांत मिसळतात, तिथे जपून. अनेक जुन्या गाड्यांत हा जोड कारखान्यातच शिसं भरून गुळगुळीत केलेला असतो. घासताना खाली मऊ, चंदेरी धातू दिसला तर ग्राइंडर लगेच थांबवा. शिशाची धूळ विषारी असते. मंद आचेवर वितळवून खरवडून काढा, मास्क लावा, वारा खेळता ठेवा, मुलांना त्या दिवशी गॅरेजच्या आसपासही येऊ देऊ नका.

टप निघाल्यावर आतल्या पट्टीचं खरं रूप दिसलं. डावीकडे जवळजवळ दोन फूट पट्टी सडलेली. ती नव्या पत्र्यातून वळवून घेतली. इथे नाशिकचा फायदा झाला, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं हे गाव. भांडी मठारणाऱ्या एका जुन्या कारागिराने त्या पट्टीची कड लाकडी मोगरीने इतकी सफाईने वळवून दिली की मिस्त्रींनी ती दोनदा हातात घेऊन पाहिली.

बसवणं

नव्या टपाचे खांब आणि जादा पत्रे काढून तो आधी कोरडाच बसवला. चिमटे आणि बारीक स्क्रू लावले, वेल्डिंगचा एक थेंबही नाही. मग चारही दारं बंद करून फटी पाहिल्या. पुढची आणि मागची काच रबरासकट बसवून पाहिली. भिंतीवरच्या कागदाशी सगळे कर्ण ताडले. उजवा पुढचा कोपरा तीन मिलिमीटर वर होता. टप सोडवला, कड थोडी घासली, पुन्हा बसवला. असं पाच वेळा झालं. शेवटच्या वेळी रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी मापं पुन्हा घेतली. एवढं झाल्यावरच पुढे जा.

टप परत उतरवून ज्या ज्या कडा एकमेकांवर बसणार त्या स्वच्छ धातूपर्यंत आणल्या आणि जस्ताचा, वेल्डिंगला चालणारा प्रायमर दोन्ही बाजूंना मारला. हे वगळलं तर सांध्याच्या आत उघडं लोखंड राहतं आणि तिथे नंतर कधीच ब्रश पोचत नाही. वरच्या कडेला जुन्या स्पॉटच्या जागी सहा मिलिमीटरची भोकं पाडून सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून) ती भरली. चिमट्याचं स्पॉट मशीन मिळालं तर उत्तम, पण फियाटच्या पन्हळीत त्याचे हात नीट बसतील का ते आधी रद्दी पत्र्यावर करून बघा.

वेल्डिंगचा क्रम महत्त्वाचा. मधोमध एक टाका डावीकडे, मग मधोमध उजवीकडे, मग पुढे, मग मागे. एका जागी सलग दोन टाके नाहीत. हात लावता येईल इतकं निवल्यावरच शेजारचा. घाईत ओलं फडकं दाबून थंड करू नका. पातळ पत्रा तापून ताणला की टपाचा मधला भाग ढिला पडतो आणि हाताने दाबला की डब्याच्या झाकणासारखा पक्-पक् वाजतो. तो ताण परत आणणं फार कष्टाचं. आमच्या मिस्त्रींनी दोन बाजूंच्या पन्हळींना अडीच दिवस घेतले.

टप आणि त्याखालची आडवी कमान यांच्या मध्ये कारखान्यात मऊ लगदा भरलेला असतो. जुना निघून गेला तर नवा भरायला विसरू नका. नाहीतर ताशी साठच्या पुढे टप ढोलासारखा घुमतो, आणि लोक त्याला वेल्डिंगची चूक समजतात.

सांधा बंद करणं

उघड्या धातूवर आधी एपॉक्सी प्रायमर. मग पन्हळीत पॉलियुरेथेनचा सीम सीलर. बोटाने दाबून, पुढून मागे, मध्ये न तोडता. पाणी पन्हळीत थांबू नये, दोन्ही टोकांना उतरून जावं असा त्याला उतार द्या. लांबी लागलीच तर ती एपॉक्सीच्या वर, नखाएवढ्या जाडीची. रंगाबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत द्यावा एवढंच. रंगानंतर आतल्या पट्टीच्या खोबणीत आणि खांबांत बारीक नळीने मेण फवारलं, जोपर्यंत ते खालच्या भोकांतून ठिबकत नाही तोपर्यंत. टपाच्या आत ताग किंवा नमदा पुन्हा लावला नाही, पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम लावला.

आणि आतलं छत लगेच बसवलं नाही. नळीची परीक्षा पुन्हा घेतली, पावडर फासून, खालून वर. ती पार पडल्यावरही जुलैचे पहिले तीन आठवडे गाडी उघड्या पत्र्यानेच चालवली. वडिलांना ते बघवत नव्हतं, पण छत बसवल्यावर गळती सापडली तर सगळं पुन्हा फाडावं लागतं.

कागदपत्रं

तसाच मूळ टप बसवला तर गाडीचा आकार बदलत नाही. रंग बदलला असेल तर मात्र आरसी बुकात तशी नोंद करून घ्या. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आली. त्यात गाडी मूळ रूपात असावी, बॉडी शेल, चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. आमच्या गाडीला अजून वेळ आहे, तरीही कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि दोन्ही टपांची मापं फाइलला लावून ठेवली आहेत, म्हणजे टप त्याच मॉडेलचा आहे हे दाखवता येईल.

पुन्हा ओल दिसली तर

ऑगस्टमध्ये, छत बसवून पंधरा दिवस झाल्यावर, ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला लागला. मला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी मिस्त्री आले, त्यांनी टपाकडे पाहिलंही नाही. मागची सीट चाचपली, कोरडी. टपाची आतली पट्टी कोरडी. म्हणाले, "पाणी वरून आलेलं नाही, समोरून आलंय." नळी घेतली, पुढच्या काचेच्या खाली धरली. तिसऱ्या मिनिटाला डॅशबोर्डच्या मागून रेघ उतरली. वायपरचा दांडा जिथे पत्र्यातून बाहेर येतो तिथलं रबर फाटलं होतं. रंग देताना वायपर काढून परत बसवताना ते चिरडलं गेलं असावं. रबर नवं घातलं, गालिचा दोन दिवस उन्हात वाळवला, त्याच्या खालचा पत्रा पुसून मेण मारलं.

आता मे महिन्यात आणि दिवाळीत, वर्षातून दोनदा, पन्हळ जुन्या टूथब्रशने साफ करतो आणि सीलरवर बोट फिरवून बघतो. कॅरियर माळ्यावर आहे.